साडूंचे जावई

आमच्या थोरल्या साडूंइतका किड्यांना जीव लावणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात झाला नाही, हे मी कुठल्याही देवळात उभा राहून सांगेन. त्यांनी जीव लावलेल्या त्या किड्यांचा एका सकाळीत निकाल लावणारा माणूस मी, हे मात्र मी कुठेच सांगितलं नव्हतं. देवळात नाही, घरात नाही, त्यांना तर नाहीच. ऑफिसात माझी ख्याती कमी बोलणारा माणूस अशी आहे. खरी गोष्ट अशी की एक गोष्ट दाबून धरली की तिच्या आसपासच्या चार गोष्टीही बोलता येत नाहीत, आणि मग हळूहळू माणूस अबोल म्हणून प्रसिद्ध होतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. साडू एसटीत कंडक्टर होते. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन कुंभार पिंपळगावजवळच्या आपल्या एकरभर मोसंबीच्या बागेत येऊन बसले. खाकी उतरली, पण कंडक्टरकी उतरली नाही. लग्नाच्या पंगतीत लोक दाटीनं बसले असले की यांचा आवाज यायचा, "पुढं सरका, पुढं सरका, पुढं जागा हाय." नवरीकडची बिचारी माणसं पत्रावळ उचलून खरंच पुढं सरकायची. माणसाशी बोलताना ते नजर त्याच्या तोंडावर ठेवत नसत. त्याच्या मागच्या झाडावर ठेवत. रस्त्यानं चालताना हात आपोआप कुंपणातल्या पानांकडे जायचा, पान उलटं व्हायचं, आणि पानाखाली कोण राहतंय याची चौकशी झाल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नसे. एकदा एका नातेवाइकाच्या दहाव्याला गेलो होतो. बायका रडत होत्या, पुरुष खाली मान घालून बसले होते, आणि साडू अंगणातल्या जास्वंदीपाशी वाकून उभे. जरा वेळानं ते घरच्या थोरल्या मुलाजवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता काही सांत्वनाचं बोलतील. ते हळूच म्हणाले, "तुमच्या जास्वंदीवर लई ढेकूण हाय. एक फांदी नेऊ का?" त्या दुःखातल्या माणसानं मान हलवली. फांदी ओल्या रुमालात गुंडाळून आमच्याबरोबर जीपमधून आली.

हा ढेकूण म्हणजे खाटेतला नव्हे. मोसंबीवर पिठ्या ढेकूण पडतो. पिठात लोळून आल्यासारखा पांढरा, देठाशी चिकटून बसतो आणि रस पीत राहतो. सगळे लोक त्याच्यावर औषध मारतात. साडूंनी ठरवलं की विष मारायचं नाही, त्याला खाणारा आणायचा. खाणारा म्हणजे एक भुंगा, मसुरीच्या डाळीएवढा, अंग काळपट आणि डोकं नारिंगी. तो कुठल्याशा प्रयोगशाळेतून आणायचा, घरी वाढवायचा आणि बागेत सोडायचा. पण घरी वाढवायचा तर त्याला खायला पाहिजे, आणि तो खातो फक्त ढेकूण. म्हणजे जो किडा बागेतून घालवायचा, तोच आधी घरात पाळायचा. आणि हा ढेकूण घरात वाढतो कशावर, तर पिकलेल्या लाल भोपळ्यावर.

झालं. घरातली मधली खोली भोपळ्यांना गेली. फळ्यांच्या मांडणीवर ओळीनं भोपळे, खिडकीला ओलं पोतं, आत अंधार. साडू त्या खोलीला बाळंतिणीची खोली म्हणत. आत जाताना चपला बाहेर, मोठ्यानं बोलायचं नाही, उदबत्ती लावायची नाही. पाहुणे बाहेरच्या खोलीत सतरंजीवर. अक्का म्हणायच्या, "माझ्या घरात भोपळ्याला पलंग हाय अन् माणसाला फरशी. आन् इतके भोपळे असून भाजी म्हणून एक फोड मिळंल तर शप्पथ." पण तेच पोतं दुपारी वाळलं की हातातलं काम टाकून उठायच्या, पाणी शिंपडून यायच्या. घरात मच्छर अगरबत्ती लावायला बंदी होती, कारण धूर भुंग्यांना सोसत नाही. आमचे सासरे पिंपळगाव रेणुकाईहून लेकीकडे मुक्कामाला आले, रात्रभर डास मारत बसले आणि सकाळी अंगणात जावयासमोर दोन्ही हात पुढं करून म्हणाले, "बघा. तुमच्या किड्यांसाठी मी रक्तदान करून राह्यलो." साडूंनी हात नीट तपासले आणि फार गंभीरपणे म्हणाले, "मामा, डासाला खाणारा चतुर असतोय. पण त्याला तळं लागतंय."

जालन्याला माझ्या घरी ते आले की हातात डबा असायचा आणि डबा पहिल्यांदा फ्रिजमध्ये जायचा. थंडीत भुंगे निपचित पडतात, प्रवासात मरत नाहीत. दह्याशेजारी, डब्याच्या झाकणाला बारीक भोकं, वर चिठ्ठी, "उघडू नये". एकदा माझ्या बायकोनं ते विरजण समजून उघडलं. फ्रिजमधून बाहेर आल्यावर त्यांना जाग आली आणि पुढचे कितीतरी दिवस आमच्याकडे टीव्हीवर, तोरणावर, माझ्या चष्म्यावर भुंगे होते. ती चिडली होती. साडू दारात उभे राहून प्रत्येकाला बोटावर घेत होते आणि म्हणत होते, "चला, चला, गाडी लागली, जल्दी करा." त्यांना बघून तिलाही हसू आवरलं नाही. हा किस्सा मी ऑफिसात पुष्कळदा सांगितला आहे. साडूंचे किस्से हे माझ्याजवळचं एकमेव सांगण्यासारखं धन होतं.

त्यांचं सगळं बरोबरच असायचं असं नाही. एकदा कुठल्यातरी शेतातून ठिपक्याठिपक्यांचे भुंगे गोळा करून आणले आणि प्रेमानं शेजाऱ्याच्या वांग्यात सोडले. म्हणे, याच्या वांग्यांवरचा मावा खाऊन टाकतील. ते निघाले पानं खाणारे. वांग्याची नुसती चाळण झाली. शेजारी अजून विचार करत होता की हे आलं कुठून, तेवढ्यात साडू मारुतीच्या पारावर गेले आणि चार माणसांत त्याच त्यांच्या स्टँडवरच्या आवाजात सांगून मोकळे झाले, "यांची वांगी मी खाल्ली. म्हणजे माझ्या किड्यांनी. ओळखायला चुकलो मी." पुढं त्या घरी यांच्या शेतातली भाजी जात राहिली. गाव हसलं, शेजारीही हसला. मी तर सर्वांत जास्त हसलो. त्या वेळी मला कळलं नाही की हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. चूक झाल्यावर माणसानं काय करायचं असतं ते माझ्यासमोर करून दाखवलं जात होतं, आणि मी किस्सा म्हणून ते खिशात टाकत होतो.

त्या भुंग्यांना ते जावई म्हणत. सासऱ्यांना वाटायचं हा आपल्याला टोमणा आहे, की जावई नुसते खायला येतात. पण तसं नव्हतं. साडूंना एकच मुलगा, तो पुण्याला, मुलगी नाही. एकदा सहज बोलता बोलता म्हणाले, "लेक न्हाई मला. मंग दारात जावई कुठून येणार? हे आले. खाऊ द्या." मागचा धोंड्याचा महिना श्रावणात आला, तेव्हा त्यांनी कहर केला. या अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खायला घालतात, जाळीदार पदार्थाचं वाण देतात. साडूंनी त्याच महिन्यात घरचे भुंगे बागेत सोडायचे ठरवले आणि आम्हा सगळ्यांना "जावयांच्या धोंड्याला" आमंत्रण दिलं. पहिल्या झाडाच्या बुंध्याशी पाट, पाटावर ताट, ताटात अक्कांनी केलेले बोटाच्या पेराएवढे धोंडे आणि बत्तासे. अक्कांनी झाडाला ओवाळलं. ओवाळताना त्यांना इतकं हसू येत होतं की निरांजन हलत होतं. "जावईबापू, लाजू नका," त्या म्हणाल्या. साडूंनी डबा उघडला. पावसानं ताण दिला होता, ऊन लख्ख होतं, आणि ते इवलेसे नारिंगी डोक्याचे जीव एकेक करून पानावर चढले. साडूंच्या डोळ्यांत पाणी होतं. मी फोटो काढत होतो, उद्या ऑफिसात दाखवायला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अक्कांच्या पोटात दुखायला लागलं. ऑपरेशन निघालं, साडू त्यांना घेऊन छत्रपती संभाजीनगरला गेले. बागेला पाणी द्यायला माणूस नव्हता म्हणून मी रजा टाकून त्यांच्या घरी जाऊन राहिलो. जाताना जीपमध्ये एक पाय ठेवून ते म्हणाले, "पाणी द्या फक्त. बाकी कशाला हात लावू नका. झाडांचं जावई बघून घेतील."

मी पाणी दिलं. आणि एके दिवशी पाहिलं तर फांद्याफांद्यांवर, देठादेठांवर पांढरे पुंजके. पूर्वीपेक्षा मोठे, लोकरीचे धागे सुटल्यासारखे. मला धडकीच भरली. वाटलं, साडूंच्या जावयांनी दगा दिला, ढेकूण माजला, आणि बाग माझ्या ताब्यात असताना गेली. तिकडे दवाखान्यात त्यांचा जीव टांगणीला लागलेला. परत येतील तेव्हा निदान बाग तरी स्वच्छ दिसावी. मीही शेतकऱ्याच्याच घरातला. घनसावंगीला जाऊन एक कडक औषध आणलं. गोठ्यात त्यांचा निंबोळी अर्क फवारायचा जुना पंप होता. शेजारी बाजाराला गेलेला. सकाळी पंप पाठीवर घेतला आणि सुरू झालो.

निम्मी बाग झाली असेल. एका फांदीवर नोझल धरणार, तेवढ्यात त्या पांढऱ्या पुंजक्यातला एक चालायला लागला. चालला म्हणजे चांगला लगबगीनं, कामाला निघाल्यासारखा. पिठ्या ढेकूण असा चालत नाही. तो बसतो आणि पितो.

हे मला माहीत नव्हतं असं लिहायला मला आवडलं असतं. पण साडूंनी मला ते जेवताना सांगितलं होतं, जीपमध्ये सांगितलं होतं, माझ्याच घरात फ्रिजसमोर उभं राहून सांगितलं होतं. जावई लहान असताना ढेकणासारखाच दिसतो. त्याच्यासारखेच पांढरे कपडे घालून त्याच्यातच जाऊन बसतो, म्हणजे ढेकणांची राखण करणाऱ्या मुंग्यांना ओळखू येत नाही, पण चालतो. मी त्यांचं बोलणं नेहमी अर्ध्या कानानं ऐकायचो. मला गंमत हवी असायची. त्यातली माहिती मी चाळून टाकून द्यायचो, आणि गंमत तेवढी घरी न्यायचो.

मी पंप बंद केला. झाडाखाली पाहिलं. पांढरी पिल्लं पडली होती, मधेमधे नारिंगी डोकीही होती. फोन खिशात होता. साडूंना विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे निम्मी बाग मारली हे सांगायचं. मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. मग मनाशी म्हणालो की निम्मी राहिली तर निम्मीवरून त्यांना कळेल. आणि पंप सुरू केला. उरलेली बाग मी चुकून मारलेली नाही. ती मी कळून मारली.

साडू परत आले ते अक्कांना घरात निजवून थेट बागेत. झाडं स्वच्छ, एक ढेकूण नाही. त्या माणसाचा आनंद मला बघवेना. त्यांनी पारावरून माणसं बोलावून आणली. "बघा. आमच्या जावयांनी बाग झाडून काढली. एक थेंब औषध न्हाई." माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पाव्हण्यांनी जेवू घातलं त्यांना." लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

पुढच्या काही आठवड्यांत ढेकूण परत आला, पूर्वीपेक्षा जोरात, कारण आता त्याला खाणारं कुणी नव्हतं. साडू झाडाझाडाखाली चादर अंथरून फांद्या हलवत राहिले. एक जावई पडला नाही. फोनवर मला म्हणाले, "गेले, पाव्हणे. घर आवडलं न्हाई त्यांना." आणि मग, मी तिकडे गेलो होतो त्या दिवशी, जेवताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ऐन वेळेला मी दवाखान्यात. इथं असतो तर गेले नसते." अक्का भाकरी वाढत होत्या. त्यांचा हात थांबला. साडूंनी लगेच विषय बदलला, पण बोललेलं बोललं गेलं होतं. ते हात धुवायला उठल्यावर अक्का मला हळूच म्हणाल्या, "माझ्या पोटानं घात केला बघा, भाऊजी. यांनी काय येडेपणा करायचा तो तेवढाच केल्ता जन्मात. तो बी माझ्यापायी मोडला." मी खाली मान घालून भाकरी मोडत होतो. त्या म्हणाल्या, "अजून देऊ का?" मी म्हणालो, "द्या."

त्यानंतर साडू सुधारले. नातेवाइकांत असंच म्हणतात. मधली खोली रिकामी झाली, तिथं सोफा आला. साडू इतरांसारखं औषध मारायला लागले. लग्नात गप्प बसून जेवायला लागले. रस्त्यानं हात मागं बांधून चालायला लागले. सासरे म्हणाले, "आता माणसात आले." ऑफिसात कुणीतरी विचारलं, तुमच्या त्या साडूंचं नवीन काय? मी म्हणालो, काही नाही. तेच खरं होतं. अक्का मात्र त्यांचा मूड कसा आहे ते बघत बघत घरात वावरायच्या, एखादं भांडं फोडलेल्या माणसासारख्या. त्यांना नसतं ओझं देऊन मी दिवाळीला त्यांच्याकडून ओवाळून घेत राहिलो.

यंदाच्या थंडीत अक्का गेल्या. झोपेतच गेल्या. विधी झाले, पुण्याचा मुलगा परत गेला, आणि काही दिवसांनी मी एकटाच कुंभार पिंपळगावला गेलो. जीपमध्ये बसल्यापासून मनात वाक्य जुळवत होतो.

साडू ओट्यावर बसून लसूण सोलत होते. आता स्वतःचं स्वतः करतात. मी समोर बसलो आणि जुळवलेलं सगळं विसरून म्हणालो, "साडूभाऊ, तुमचे जावई गेले नव्हते. मी मारले."

त्यांनी वर पाहिलं नाही. "कधी?"

"अक्का दवाखान्यात होत्या तेव्हा. मला वाटलं ढेकूणच आहेत."

"हां. वाटतात तसे."

"निम्म्यात कळलं होतं मला. एक चालताना दिसला. तरी उरलेली बाग मारली."

लसणाची पाकळी त्यांच्या बोटांत तशीच राहिली. मग म्हणाले, "गोठ्यातल्या पंपानं मारलं का?"

"हो."

"त्याचा वायसर गेल्ता. पाठीवर सांडलं असंल तुमच्या."

"सांडलं होतं."

"तोंडाला फडकं?"

"नव्हतं बांधलं."

"बांधायचं असतं, पाव्हणे. लई वाईट औषधं असतात ती." आणि ती पाकळी सोलून त्यांनी वाटीत टाकली. "म्हणजे नाराज होऊन न्हाई गेले."

"नाही."

"मला आपलं वाटायचं, काय कमी पडलं त्यांना. बिलकुल समजंना झाल्तं." ते जरासे हसल्यासारखे झाले, पण हसू पुरं झालं नाही. सालं गोळा करून त्यांनी मुठीत धरली आणि तशीच धरून बसले. "मला सांगितलं ते बराबर केलं. पण मी आता काय करू याचं? तिला सांगायला पाहिजे व्हतं. ती ते घेऊन गेली."

आत जाऊन त्यांनी चहा केला. साखर जास्त पडली होती. आम्ही तो पूर्ण प्यायलो.

मला सोडायला ते रस्त्यापर्यंत आले. घनसावंगीची जीप आली तेव्हा ते ड्रायव्हरला म्हणाले, "पाव्हण्यांना पुढं बसव. मागं बसलं की मळमळतं त्यांना." पुढं एक म्हातारे गृहस्थ बसले होते, ते उतरून मागं गेले. मला नको म्हणायचं होतं, ते जमलं नाही. मी बसलो. दार लागल्यावर साडू खिडकीशी वाकले, काहीतरी सांगतील असं वाटलं, पण नुसतं "या" म्हणाले.

आमच्याकडे निघालेल्या प्रत्येक माणसाला "या" म्हणतात. त्याचा काही अर्थ नसतो हे मलाही कळतं. तरी तो शब्द मी माझ्यापुरता धरून बसलो आहे, आणि येत्या रविवारी जाणार आहे.